चारपर्यंत नजर, पुढे मोजणी

धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून सोनगीर आहे. गावावर किल्ला आहे, पण गावाचे नाव पंचक्रोशीत घेतले जाते ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. दुकानाच्या फळीवर तीन हंडे मांडलेले आहेत असे समजा. गिऱ्हाइकाला विचारले, “कितला शेतस?” तर तो मान वर करतो न करतो तोच ‘तीन’ म्हणून मोकळा होतो. बोट नाचवणे नाही, ओठ हलवणे नाही, एक-दोन-तीन नाही. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात तांबे पसरून ठेवलेले असतात. ‘आणि ते किती?’ असे विचारले की तोच माणूस जरा थांबतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, ‘असतील पंचवीस-तीस.’ पुढे माल द्यायची वेळ येते तेव्हा दुकानदार ना पहिल्या उत्तरावर विसंबतो, ना दुसऱ्या. तो एकेक तांब्या उचलून बाजूला ठेवतो आणि मोठ्याने मोजतो.

दोन मिनिटांच्या या व्यवहारात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. पहिली ओळख, दुसरी अंदाज आणि तिसरी मोजणी. पहिल्या दोन निसर्गाने दिलेल्या आहेत. तान्ह्या बाळाकडेही त्या थोड्याफार असतात. तिसरी माणसाने शब्द, बोटे आणि पाठांतर यांच्या जोरावर कमावली आहे. या तिघींच्या हद्दी वेगळ्या आहेत. त्या नीट न ओळखल्यामुळे समाज दोन उलट्या चुका करतो. शाळेत मुलाच्या उपजत नजरेला कमी लेखतो आणि पाढ्यांवरून त्याची अक्कल ठरवतो. दवाखान्यात आणि घरी मात्र त्याच नजरेवर नको तितका भरवसा टाकतो. पहिल्या चुकीने मूल गणिताला कायमचे घाबरते. दुसऱ्या चुकीने कधी कधी जीव जातो.

ओळखीची हद्द कुठे संपते, हे शोधण्याचा एक जुना आणि अगदी बिनखर्चाचा प्रयोग आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्स हे इंग्लंडमधले नामवंत अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी मूठभर काळे दाणे एका खोक्याच्या दिशेने टाकायचे, खोक्यात किती पडले ते एका नजरेत सांगायचे आणि मग मोजून ताळा करायचा, असा उद्योग हजाराहून अधिक वेळा केला. १८७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापले. तीन किंवा चार दाणे असताना त्यांची एकदाही चूक झाली नाही. पाचाला क्वचित चूक होऊ लागली, दाणे वाढले तशा चुका वाढत गेल्या आणि दहाच्या आसपास पोचेपर्यंत नजरेचा भरवसा उरला नाही. हा प्रयोग कोणत्याही घरात शेंगदाणे आणि ताटली घेऊन करून पाहता येतो. उत्तर जवळपास तेच येते.

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या झटपट ओळखीला ‘सबिटायझिंग’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘अचानक’ या अर्थाच्या शब्दावरून ते आले आहे. मराठीत त्याला ‘एकनजर ओळख’ म्हणता येईल. पडद्यावर ठिपके दाखवून उत्तराला लागणारा वेळ मोजला की हद्द आणखी स्पष्ट दिसते. तीन-चार ठिपक्यांपर्यंत दर वाढीव ठिपक्यामागे सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. त्यापुढे मात्र दर ठिपक्याला पाव सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागू लागतो. आलेख सपाट चालता चालता एकदम चढण घेतो. त्या वळणावर नजर थांबते आणि मोजणी सुरू होते.

हे वळण चारच्या आसपासच येते याची एक खूण महाराष्ट्राच्या दगडांत कोरलेली आहे. सोनगीरवरून जाणारा महामार्ग पुढे नाशिकला पांडवलेण्यांच्या डोंगराजवळून जातो. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आहेत. त्यांत एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन आणि तिनासाठी तीन रेघा येतात. याच हिशेबाने चाराला चार रेघा हव्या होत्या. पण तिथे रेघा थांबतात आणि फुलीसारखे एक वेगळेच चिन्ह येते. आज पाटीवर गिरवले जाणारे देवनागरी २ आणि ३ हे त्या दोन आणि तीन रेघाच आहेत. घाईने लिहिताना त्या एकमेकींना जोडल्या गेल्या इतकेच. चिनी लिपीतही एक, दोन, तीन हे आडव्या रेघांचे अंक आहेत आणि चाराला चिन्ह बदलते. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लिपिकारांनी साधारण त्याच ठिकाणी रेघा सोडल्या, याचे एक सरळ कारण दिसते. तीन रेघा दिसतात, पाच-सहा रेघा मोजाव्या लागतात. वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी मोजायला लावणारा अंक काय कामाचा?

बोलीभाषेतही ‘चार’चे स्थान लक्ष देण्याजोगे आहे. चारचौघांत बोलू नये, चार घास खाऊन घे, चार पैसे गाठीला असावेत, चार शब्द बोलावेत. इथे कुणीही चार मोजलेले नसतात. ‘थोडके, नजरेत मावणारे’ एवढाच अर्थ असतो. हा निव्वळ योगायोगही असू शकेल, पण नजरेची मर्यादा आणि भाषेतले ‘थोडके’ एकाच आकड्यावर येऊन बसावेत, ही मजेची गोष्ट खरी.

चाराच्या पुढे नजर आंधळी होत नाही. तिथे दुसरी शक्ती कामाला लागते, ती अंदाजाची. तिची गंमत अशी की ती नेमकी नसली तरी बेशिस्त नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात वजनांवर प्रयोग करून दाखवले होते की, फरक जाणवतो तो प्रमाणात. हातातल्या पावशेरात छटाक वाढली तर लगेच कळते, डोक्यावरच्या पोत्यात वाढली तर कळत नाही. संख्येचेही तसेच आहे. दहा आणि वीस पक्ष्यांतला फरक सहज दिसतो. शंभर आणि एकशे दहांतला दिसत नाही, जरी दोन्हीकडे फरक दहाचाच असला तरी.

हा नियम मराठी माणूस प्रयोगशाळेशिवाय रोज पाळतो. अंदाज सांगताना तो दोन आकडे जोडतो आणि त्या आकड्यांमधले अंतर संख्येबरोबर वाढत जाते. दोन-तीन, पाच-सात, दहा-बारा, पंचवीस-तीस, चाळीस-पन्नास, दीड-दोनशे, हजार-दीड हजार. ‘एकशे एक्केचाळीस-बेचाळीस माणसे जेवून गेली’ असे कुणी अंदाजाने म्हटले तर ऐकणारा हसेल. कारण एवढ्या मोठ्या आकड्याला एवढी बारीक फट अंदाजाला शक्यच नसते. मोजले असेल तर एकच आकडा सांग, नाही तर दीडशेक म्हण. ‘पन्नासेक’, ‘शंभरेक’ यांतला शेपटीचा ‘एक’ हीसुद्धा प्रामाणिकपणाची खूणच आहे. हा आकडा नजरेचा आहे, मोजणीचा नाही, असे तो बजावतो.

अंदाजाची ही शक्ती शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी येते. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना ठिपक्यांची चित्रे दाखवली गेली. आठ आणि सोळा ठिपक्यांतला फरक त्यांना कळत होता, आठ आणि बारांतला कळत नव्हता. पुढच्या अभ्यासांत नऊ महिन्यांच्या बाळांना दोनास तीन या प्रमाणातला फरक जमू लागल्याचे दिसले. मोठ्या माणसाची नजर त्याहून पुष्कळ बारीक होते. अॅमेझॉनच्या खोऱ्यात मुंडुरुकू नावाची आदिवासी जमात राहते. त्यांच्या भाषेत पाचाच्या पुढे संख्यानामेच नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दोन मोठ्या ढिगांपैकी कोणता मोठा हे सांगण्यात ते फ्रेंच माणसांच्या जवळपास बरोबरीने उतरले. जिथे नेमका हिशेब लागला तिथे मात्र अडखळले. म्हणजे अंदाजाला शब्द लागत नाहीत, मोजणीला लागतात. सेरेंगेटीच्या सिंहिणींना ध्वनिवर्धकावरून परक्या सिंहिणींची गर्जना ऐकवली गेली तेव्हा, आपला कळप किती आणि समोरून येणारे आवाज किती यावरून त्या पुढे जायचे की नाही ते ठरवत होत्या. संख्येची जाण शाळेहून जुनी आहे, आणि माणसाहूनही.

ओळख आणि अंदाज या दोन वेगळ्या यंत्रणा की एकाच यंत्रणेची दोन रूपे, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद आहे. २०२३ मध्ये जर्मनीतल्या बॉन येथील संशोधकांनी त्यात महत्त्वाची भर घातली. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचाराचा भाग म्हणून बारीक तारा बसवलेल्या होत्या. त्या आधारे एकेका पेशीची हालचाल टिपता आली. ठिपके चारपर्यंत असताना ठरावीक संख्येला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आपापल्या संख्येला चोख उत्तर देत आणि शेजारच्या संख्येच्या वेळी दबून राहत. त्यापुढे ही दाबादाबी दिसेना आणि उत्तरे एकमेकांत मिसळू लागली. जेव्हन्सच्या दाण्यांत दीडशे वर्षांपूर्वी दिसलेली रेषा मेंदूच्या पेशींतही सापडली.

अंदाजाला फसवणेही सोपे असते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा गाजलेला प्रयोग आहे. सारख्याच गोट्यांच्या दोन ओळी मांडायच्या आणि एक ओळ ऐसपैस पसरवायची. चार-पाच वर्षांचे मूल पसरलेल्या ओळीत गोट्या जास्त आहेत असे सांगते. मोठी माणसे या वयाला हसतात, पण बाजारात तीही याच फसगतीला बळी पडतात. टोपलीत पसरून मांडलेली लिंबे जास्त वाटतात, ढीग केलेली कमी. मोठ्या मैदानात विखुरलेली सभा भरगच्च भासते. म्हणूनच सभेच्या गर्दीबद्दल आयोजकांचा आकडा आणि विरोधकांचा आकडा कधी जुळत नाही. दोघेही खोटेच बोलतात असे नाही. दोघांच्याही नजरेला मोजणीची जोड नसते.

‘मेंढपाळाला एक मेंढी हरवली तरी न मोजता कळते, ते कसे?’ असा प्रश्न इथे कुणी विचारील. धुळे जिल्ह्याच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्यांना तसे कळते, यात नवल नाही. पण त्यात संख्येपेक्षा ओळखीचा भाग मोठा असतो. शंभरातली एक कमी झाली हे त्याला दिसत नाही. कान फाटलेली ती काळी दिसत नाही, हे दिसते. आईला पाहुण्यांच्या गर्दीत स्वतःचे मूल दिसत नाही हे जसे कळते, तसेच हे.

आता पहिल्या चुकीकडे, म्हणजे शाळेकडे वळू. अंगणवाडीत येणारे मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. दोन आणि तीन त्याला दिसतात, जास्त-कमी त्याला कळते. त्याला येत नसतात ते शब्द. आपल्याकडे मात्र शंभरपर्यंत आकडे घोकून दाखवणाऱ्या मुलाचे कौतुक होते. तेच मूल ‘सात शेंगा दे’ म्हटल्यावर मूठभर शेंगा उचलून देते, याकडे लक्ष जात नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. भाषेचे काय होणार याची चर्चा पुष्कळ झाली. मुलाच्या डोक्यात त्रेसष्ट या शब्दामागे साठ आणि तीन दिसतात की नाही, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. शब्द कोणताही वापरा, त्याच्यामागे वस्तूंचा गठ्ठा दिसला पाहिजे, नाही तर तो नुसता आवाज आहे.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. चिंचोके, कवड्या, फासे, पत्ते ही जुन्या घरांतली साधने या कामासाठीच घडवल्यासारखी आहेत. फाशावरचे पाच ठिपके मूल मोजत नाही, ओळखते, कारण चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक अशी मांडणी असते. मोठ्या संख्येचे लहान, नजरेत मावणारे तुकडे करणे ही गणिताची पहिली खरी पायरी आहे. चिंचोके झाकून ‘किती होते?’ विचारावे, मग ‘तुला कसे दिसले?’ हेही विचारावे. ‘इकडे तीन आणि तिकडे दोन’ असे उत्तर आले की बेरीज आपोआप शिकून झाली. याउलट, ठिपक्यांचे खेळ खेळवून मुलाचे गणित सुधारण्याची हमी देणारी मोबाइल अॅप विकली जातात. नजरेचा सराव केल्याने शाळेतले गणित सुधारते, याला अजून ठोस पुरावा नाही. त्यावर पैसे घालवण्याऐवजी आजीबरोबर सारीपाट खेळलेला बरा.

तरीही काही मुलांना हे जमत नाही. वर्गातली इतर मुले तीन ठिपके पाहताक्षणी ‘तीन’ म्हणतात, तेव्हा ती बोट ठेवून एकेक मोजतात. सात मोठे की नऊ, याला त्यांना थांबावे लागते. घड्याळ, सुटे पैसे, पाढे यांत ती वर्षानुवर्षे अडतात, मात्र बोलण्यात, चित्रात, खेळात हुशार असतात. या अडचणीला ‘डिस्कॅल्क्युलिया’ म्हणतात. निरनिराळ्या अभ्यासांतून शंभरात साधारण तीन ते सहा मुलांना ती असल्याचे दिसते. म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी एक-दोन मुले. त्यांना ‘ढ’ म्हणणे, कान पिरगाळणे, पाढे शंभरदा लिहायला लावणे हा उपचार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्कॅल्क्युलिया तिच्यातच येतो. मात्र गणितात मागे पडणारे प्रत्येक मूल या गटातले नसते. आधी डोळे आणि कान तपासावेत, रक्तक्षय आहे का पाहावे, शाळा किती बुडली हे विचारावे, गुरुजींची धास्ती आहे का याचा अंदाज घ्यावा. ही कारणे जास्त आढळतात आणि त्यांवरचे उपायही सोपे असतात. एवढे करूनही अडचण राहिली तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

उतारवयातही या शक्तीकडे लक्ष असावे. संख्येची जाण मुख्यतः मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात, म्हणजे पार्श्विक खंडात राहते. तिथला रक्तपुरवठा अचानक तुटला तर आयुष्यभर दुकानाचा गल्ला सांभाळलेल्या माणसाला सुटे पैसे मोजता येईनासे होतात. काहींना डावे-उजवे कळेनासे होते, स्वतःच्या हाताची बोटे ओळखता येत नाहीत, लिहिता येत नाही. जोसेफ गेर्स्टमान यांनी गेल्या शतकात वर्णन केलेला हा लक्षणसमूह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतात. पण वय हळूहळू होते, एका सकाळी होत नाही. हिशेब, बोलणे, हातापायातली ताकद किंवा चेहऱ्याची ठेवण यांत अचानक बदल दिसला तर पक्षाघात समजून ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

दुसरी चूक मोठ्यांची आहे आणि ती दवाखान्याच्या दारात रोज दिसते. ‘बाळाचा श्वास जरा जोरात वाटतो, पण एवढा काही नाही,’ असे सांगत आई येते. कधी कधी अनुभवी कर्मचारीही लांबून पाहून मान डोलावतात. मिनिटाला अडतीस श्वास आणि बावन्न श्वास यांतला फरक नजरेला दिसेलच असे नाही. न्यूमोनियाच्या निदानात मात्र तोच फरक निर्णायक असतो. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील तर ते धोक्याचे मानतात. हे मोजण्याची रीत ठरलेली आहे. बाळ शांत असावे, रडत किंवा दूध पीत नसावे. अंगरखा वर करून पोटाची हालचाल दिसू द्यावी. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे इथे चालत नाही. श्वास घेताना छातीच्या खालच्या बाजूला खळगा पडत असेल तर मोजत बसण्यातही वेळ दवडू नये, थेट रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियागृहात ही शिस्त आणखी कडक असते. पोटात वापरलेले कापसाचे आणि कापडाचे बोळे रक्ताने भिजले की एकमेकांना चिकटतात आणि तीनाचे दोन दिसतात. जगातल्या उत्तमातल्या उत्तम सर्जनच्या नजरेचीही इथे पत्रास ठेवत नाहीत. सुरुवातीला, पोट शिवण्यापूर्वी आणि शेवटी परिचारिका मोठ्याने मोजते आणि दुसरी व्यक्ती ताळा करते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत ही मोजणी समाविष्ट आहे. आकडा जुळला नाही तर काम थांबवून शोध घ्यायचा, गरज पडली तर एक्स-रे काढायचा. ‘सगळे काढले असतीलच’ या वाक्याला तिथे जागा नसावी.

घरात मात्र या वाक्याचे राज्य चालते. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार तिन्ही असलेल्या आजोबांच्या तळहातावर सकाळी सात-आठ गोळ्या येतात, त्यांतल्या निम्म्या पांढऱ्या आणि गोल. सात आणि आठ यांतला फरक नजरेला दिसत नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. एक गोळी खाली पडली किंवा एकच दोनदा आली तरी कुणाला कळत नाही. इथे मेंदूशी भांडण्याऐवजी त्याच्या सोयीने वागावे. सकाळ, दुपार, रात्र असे खण असलेली डबी वापरावी. जेवणाआधीच्या आणि जेवणानंतरच्या गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. एका वेळी समोर तीन-चारच येतील अशी मांडणी करावी, म्हणजे कमी-जास्त झालेले पाहताक्षणी दिसते. अर्थात कोणती गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मोठ्या रकमेत स्वल्पविराम देतात तोही याच कारणाने. १००००००० मधली शून्ये मोजावी लागतात, १,००,००,००० पाहून कोटी ओळखता येतो.

तेव्हा नजर वाईट आणि मोजणी चांगली, असा हा वाद नाही. महसूल खात्याने पिकाच्या बाबतीत या दोघींची वाटणी कधीच करून ठेवली आहे. पैसेवारी आधी ‘नजरअंदाज’ जाहीर होते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. पहिल्यासाठी शेत पाहतात; अखेरचा निर्णय मात्र ठरावीक तुकड्यातले पीक कापून, मळून, वजन करून घ्यायचा असतो. पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाच्या सवलती अवलंबून असतात, म्हणून शेतकरी त्या शेवटच्या मोजणीसाठी भांडतो. नजर सुरुवात करून देते. ज्याच्यावर कुणाचे पोट किंवा प्राण अवलंबून आहे, तिथे शेवटचा शब्द मोजणीचा.

पिकाला जी शिस्त आहे ती बाळाच्या श्वासाला आणि आजोबांच्या गोळ्यांनाही मिळायला हवी. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. प्रत्येक अंगणवाडी सेविकेकडे आणि आशाताईकडे चालू स्थितीतले सेकंदकाट्याचे घड्याळ असावे, आणि मिनिटभर मोजत बसली म्हणून तिला कुणी घाई करू नये. दवाखान्यातल्या रांगेत एक मिनिट फार मोठे वाटते. ते वाचवण्याचा मोह डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना होतो. मात्र घाईत वाचवलेले हे मिनिट पुढे एखाद्या घराला फार महाग पडते.

खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत जुन्या माणसांना माहीत आहे. रास समोर असते, ती किती पोती भरेल याचा अंदाज मालकाने आधीच बांधलेला असतो. तरीही तो माप हातात घेतो आणि मोठ्याने सुरू करतो: लाभ, दोन, तीन. सोनगीरचा दुकानदारही तांबे असेच एकेक करून मोजतो. त्याला स्वतःच्या नजरेवर विश्वास नाही असे नव्हे. ती किती दूरवर पोचते, हे त्याला पक्के ठाऊक असते.